गॅस गेला म्हणे!

"अगं, गॅस गेला म्हणे!"

झाशीहून आत्याचा फोन आला आणि माझ्या पोटात धस्स झाले. सिलिंडर, शेगडी, रबरी नळी, नको ते सगळे डोळ्यांपुढे आले. मग उलगडा झाला की, गॅस गेला होता तो फ्रीजचा. मे महिन्याचा तिसरा आठवडा. फ्रीजरमध्ये बर्फ होईना. हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार मऊ पडू लागलेले. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे खालच्या कप्प्यात ठेवलेले तिचे इन्सुलिन. मिस्त्री येऊन गेला होता. फ्रीजर उघडून त्याने आत हात घातला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "अम्मा, गैस निकल गई है. साढ़े तीन हज़ार लगेंगे."

गेल्या वर्षी याच दिवसांत, याच फ्रीजमध्ये, एवढेच पैसे देऊन गॅस भरला होता. "हा फ्रीज आहे की लायटर?" आत्याने मला विचारले.

प्रश्न अगदी रास्त होता. आत्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर राहते. तिचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, चौदा वर्षांचं धूड आहे ते, टाकून दे, नवा पाठवतो." ते तिला मंजूर नव्हते. आणि मिस्त्रीच्या हातावर मुकाट्याने साडेतीन हजार ठेवणेही मनाला पटत नव्हते. मला कामासाठी ग्वाल्हेरला जायचेच होते. तिथून झाशी शंभरेक किलोमीटर. म्हटले, जाऊन बघू तरी. मी काही इंजिनिअर नाही. पण या सदरासाठी फ्रीजची दुरुस्ती करणाऱ्यांशी बोलून बोलून थोडे कान तयार झाले आहेत.

झाशीतली मराठी घरे नवी नाहीत. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई यांचे लग्न जिथे लागले, ते गणेश मंदिर आजही 'महाराष्ट्र गणेश मंदिर' म्हणूनच ओळखले जाते. आत्याच्या घरात बोलणे मराठी, भांडणे मराठी. मिस्त्री, सब्जी आणि बिजली तेवढी हिंदी. फ्रीजरमध्येही तसाच मिलाफ. एका डब्यात मटार, दुसऱ्यात किसलेले ओले खोबरे. नारळ तिथे आपल्यासारखा दारात मिळत नाही, म्हणून एकदम आणून, खवून ठेवायचा. बाकी झाशीचा उन्हाळा कसा असतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. मे २०२४ मध्ये तिथला पारा ४९ अंशांवर गेला होता.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण फ्रीजचा त्याच्याशी थेट संबंध आहे. घरगुती फ्रीज किती उष्णतेच्या खोलीत नीट चालावा याचे वर्ग ठरलेले असतात. उष्ण देशांसाठीचा सर्वांत वरचा वर्ग 'टी' हा ४३ अंशांपर्यंतचा. फ्रीजमागच्या पट्टीवर हे अक्षर बहुधा छापलेले असते. म्हणजे दुपारी स्वयंपाकघरात ४४-४५ अंश झाले, की नवाकोरा, निरोगी फ्रीजही धापा टाकणारच. बर्फ उशिरा होईल, कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेणार नाही. त्यावर मिस्त्री बोलावण्यापेक्षा फ्रीज उन्हाच्या भिंतीपासून हलवावा. आत्याचा फ्रीज पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटून उभा होता, अंगावर प्लॅस्टिकचे झालरीचे कव्हर, आणि मागच्या काळ्या जाळीवर चक्क दोन पायपुसणी वाळत घातलेली! ही जाळी म्हणजे फ्रीजची घाम गाळण्याची जागा. आतली उष्णता तिथून बाहेर जाते. तिच्यावर पायपुसणी घालणे म्हणजे उन्हात धावणाऱ्या माणसाला ब्लँकेट पांघरणे. भिंतीपासून वीतभर अंतर आणि सहा महिन्यांतून एकदा, प्लग काढून, कोरड्या ब्रशने धूळ झाडणे, एवढे तिला पुरते. (नव्या बऱ्याच फ्रीजना ही जाळी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमागे दडवलेली असते. त्यामुळे फ्रीजच्या बाजू गरम लागल्या तर घाबरू नये.)

फ्रीज पुढे ओढला, पायपुसणी काढली, जाळी झाडली. तरी बर्फ होईना. मग मी रात्री फ्रीजशेजारी खुर्ची टाकून बसले.

गॅस संपत नाही

मिस्त्रीच्या निकालाकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळत नाही, की पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरतो, शरीरातल्या रक्तासारखा. फ्रीजरच्या भिंतीत तो उकळतो आणि उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. नळ्या शाबूत असतील तर तोच गॅस वीस वर्षे पुरतो. म्हणून कोणी "गॅस कमी झाला, भरून देतो" म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठून गेला? भोक दाखवा. भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. आणि भोकच नसेल, तर गॅस भरणे म्हणजे भरल्या घागरीचे पैसे देणे!

खरोखरच गॅस गळत असेल तर त्याच्या खुणा असतात. कॉम्प्रेसर सतत चालू राहतो, थांबतच नाही. मागची जाळी मात्र हाताला जेमतेम कोमट लागते. फ्रीजरच्या एका कोपऱ्यात तेवढे दव गोठते आणि बाकीच्या भिंती कोरड्या राहतात, कारण थोडासा उरलेला गॅस पुढपर्यंत पोहोचतच नाही. कधी जोडाशी तेलकट डाग दिसतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते म्हणून.

एकदारी फ्रीजमध्ये गळतीचे एक ठळक कारण आपल्याच हातात असते. ते म्हणजे सुरी. बर्फात रुतलेला डबा निघेना की आपण टोकदार काहीतरी घेऊन खुपसतो. फ्रीजरची भिंत पातळ ॲल्युमिनियमची, तिच्या पोटातच गॅसच्या वाटा. 'फुस्स' आवाज आला की सुरीने फ्रीजचा प्राण गेला. दाराच्या आत बर्फाचा थर करंगळीच्या निम्म्या जाडीचा झाला की फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. पाण्याचे गरम भांडे आत ठेवले तर काम लवकर होते. जाड बर्फ म्हणजे जास्त गारवा, ही समजूतही सोडा. तो थर गोधडीसारखा आड येतो आणि आतला गारवा डब्यांपर्यंत पोहोचू देत नाही.

आता आत्याच्या फ्रीजकडे. रात्री साडेदहा. गल्लीतले सगळे कूलर जोरात चाललेले. आमच्या डोक्यावरचा दिवा पिवळट. फ्रीजने "घुर्रर्र" असा आवाज केला, दोन-तीन सेकंद जोर लावला, मग "टक्" असा बारीक आवाज आणि शांतता. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा घुर्रर्र, पुन्हा टक्. कॉम्प्रेसरला हात लावला तर चटका बसला. बाराच्या सुमारास मला डुलकी लागली. पहाटे पाचला जाग आली, तेव्हा दिवा पांढराशुभ्र होता आणि फ्रीज एकसुरात चालला होता. आणि फ्रीजर उघडला तर? चारी भिंतींवर सारखे, पातळ, पांढरे दव गोठलेले!

गॅस गेलेला फ्रीज पहाटे पाचला परत कसा गॅस भरून घेईल? रोग वेगळाच होता. कॉम्प्रेसर चालू व्हायलाच धडपडत होता. ही धडपड दोन कारणांनी होते: एक तर वीज कमी दाबाने येते, नाहीतर कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटासा भाग, म्हणजे रिले, जळत आलेला असतो. तो 'टक्' आवाज ओव्हरलोडचा. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तो वीज तोडतो.

"पण आत्या, तुझा स्टॅबिलायझर आहे की!" मी म्हणाले.

"आहे ना. बघ, काटा नेहमी दोनशेवीसवर असतो."

काटा खरेच दोनशेवीसवर होता. थोड्या वेळाने गल्लीची वीज गेली. घर अंधारात बुडाले. टॉर्च मारून पाहते तो काटा दोनशेवीसवरच!

दुसऱ्या दिवशी सिपरी बाजारातला एक वयस्कर मिस्त्री बोलावला. त्याने आधी फ्रीज उघडलाच नाही. खिशातून मीटर काढून भिंतीतल्या प्लगमध्ये घातला. भर दुपारी १६८ व्होल्ट. मग म्हणाला, "शाम को और गिरेगा." रिले काढून आत्याच्या हातावर ठेवला, एका बाजूने काळा पडलेला. "देखिए, अम्मा." तेवढ्या दोन शब्दांनी आत्याचा त्याच्यावर विश्वास बसला. रिले, ओव्हरलोड आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. स्टॅबिलायझर मात्र नवा घ्यावा लागला, वीज परत आल्यावर तीन मिनिटे थांबून मग फ्रीज चालू करणारा. हे थांबणे महत्त्वाचे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर नळ्यांमधला दाब सारखा व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच पुन्हा चालू केला तर त्याला चढावर गाडी सुरू केल्यासारखे होते. स्टॅबिलायझर नसेल तर वीज गेल्याबरोबर फ्रीजचे बटण बंद करावे आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावावे. नव्या इन्व्हर्टर फ्रीजना बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लागत नाही, पण तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवा.

मग गेल्या वर्षी गॅस भरल्यावर फ्रीज कसा सुधारला? मी आत्याला खोदून खोदून विचारले. फ्रीज आठ-दहा दिवस दुकानात होता. परत आला तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. कूलर बंद, विजेचा दाब ठीक, हवा थंड. साडेतीन हजारांचे श्रेय वळवाला द्यायचे की मिस्त्रीला, हे तुम्हीच ठरवा. तो मिस्त्री लबाडच होता असे मी म्हणत नाही. त्यालाही कदाचित खरेच तसे वाटले असेल. पण गिऱ्हाईक 'गॅस' म्हटले की पुढचा प्रश्न विचारत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

फोन करण्याआधी

तुमच्याकडेही फ्रीजर रुसला असेल तर आधी घरच्या घरी पाहण्यासारखे बरेच आहे. दाराचे रबर बघा. दारात एक नोट धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज सुटून आली तर तिथून गरम हवा आत जाते. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, दार बंद करा, दिवे मालवा. कुठे फट असेल तिथे उजेड दिसेल. अनेकदा रबर खराब नसते, नुसते चिकट झालेले असते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसले, आकार बिघडलेल्या जागी गरम पाण्यात भिजवलेले फडके धरले, की ते पुन्हा नीट बसते.

विनाबर्फाच्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची तऱ्हा वेगळी. त्यात वरचा फ्रीजर ठीक गोठवतो, पण खाली दूध नासते, अशी तक्रार आली की गॅसचा संशय घेण्याआधी दुसराच विचार करावा. या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड गारवा तयार होतो आणि पंखा तो खाली ढकलतो. पडद्याआड जमणारा बर्फ ठरावीक वेळाने एक हीटर वितळवतो. हीटर, सेन्सर किंवा टायमर बिघडला की तिथे बर्फाची भिंत उभी राहते आणि पंख्याची वाट बंद होते. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे सामान काढून, दारे उघडी ठेवून फ्रीज पूर्ण एक दिवस बंद ठेवायचा. नंतर आठ-दहा दिवस तो झकास चालला आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर दोष बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे, असे मिस्त्रीला ठामपणे सांगा. भाज्यांच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर ते बहुधा निचऱ्याचे भोक तुंबल्यामुळे. कोमट पाणी सोडून ते मोकळे होते. त्याला मिस्त्री लागत नाही.

आणि गळती खरेच सापडली तर? मग काम नीट करून घ्या. आधी भोक बुजवणे, फिल्टर बदलणे, पंपाने नळ्यांमधली हवा पूर्ण खेचून काढणे आणि मग तोलून गॅस भरणे, हा त्याचा क्रम. दहा मिनिटांत सिलिंडर लावून निघून जाणारा माणूस यातले काहीच करत नाही. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये 'आर-६००ए' नावाचा गॅस असतो. तो ओझोनला घातक नाही, पण पेट घेणारा आहे. तुमच्या कॉम्प्रेसरवर हे नाव असेल, तर शेगडी चालू असताना स्वयंपाकघरात नळ्यांना जाळ लावू देऊ नका. कंपनीचा प्रशिक्षित माणूसच बोलवा. अगदी जुन्या फ्रीजमधला 'आर-१२' तर मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २०१० पासून बंदच झाला. तसा फ्रीज कोणाकडे अजून असेल आणि त्याचा गॅस गेला असेल, तर त्याला प्रेमाने निरोप द्यावा.

ठेवायचा की काढायचा?

आत्याचा मुलगा फोनवर हटून बसला होता, "साडेचारशे घातलेस, उद्या कॉम्प्रेसर जाईल, मग?" त्याचेही चूक नव्हते. म्हणून आम्ही तिघांनी बसून हिशेब केला. रबर, रिले, थर्मोस्टॅट, निचरा ही दुरुस्ती फ्रीज कितीही जुना असला तरी करावी, कारण तिचा खर्च थोडा असतो. कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड किंवा फ्रीजरचा बॉक्स बदलायची वेळ आली, की फ्रीजचे वय विचारायचे. दहाच्या पुढे असेल आणि दुरुस्ती नव्या फ्रीजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर पैसे नव्यात घालावेत. गळती भिंतींच्या आत, फोममध्ये असेल तर नव्यासारख्या फ्रीजचीही आशा कमीच. वॉरंटीचे कार्डही शोधा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी अनेक कंपन्या देतात, पण गॅस आणि मजुरीचे पैसे बहुधा आपल्यालाच पडतात, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

विजेचा हिशेब मात्र कोणी करत नाही. दोन दिवस गावाला जाताना घरातले बाकी सगळे बंद करा, फक्त फ्रीज चालू ठेवा. निघताना आणि परतल्यावर मीटर लिहून घ्या. समजा, दिवसाला दीड युनिट पडले, तर वर्षाचे साडेपाचशेच्या आसपास. नव्या फ्रीजच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेलेच असतात. वजाबाकी करा, आपल्या बिलातल्या दराने गुणा. नवा फ्रीज किती वर्षांत आपली किंमत भरून काढतो ते कळेल. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, तेव्हा जुन्या फ्रीजवरचे पाच तारे पाहून फसू नका.

पैसे द्याल तर बिल घ्या आणि बदललेला भाग परत मागा. सुट्या भागांची आणि कंपन्यांच्या सेवेची माहिती एकत्र मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

राहिले इन्सुलिन. पैशांपेक्षा मला त्याचीच धास्ती होती. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि ते गोठले तर वितळवून वापरायचे नाही, टाकूनच द्यायचे. आत्या मात्र फ्रीज बिघडल्यापासून कुप्या फ्रीजरला टेकवून ठेवत होती, "तिथं जरा तरी गार राहतं" म्हणून! पहाटे त्याच भिंतीवर दव गोठलेले मी पाहिले होते. त्या कुप्या आम्ही डॉक्टरांना विचारून बदलल्या. नव्या मधल्या फळीवर, दारापासून आणि फ्रीजरपासून लांब ठेवल्या. वीज फार वेळ गेली तर काय, यावर डॉक्टरांनीच जुना उपाय सुचवला. कुपी घट्ट बंद डब्यात, डबा छोट्या मडक्यात, मडके ओल्या वाळूच्या कुंडीत, सावलीत. झाशीच्या कोरड्या हवेत मडके चांगलेच गार होते. फ्रीजची बरोबरी नाही, पण वेळ निभावते.

मटारचा निकाल सोपा होता. गोठवलेल्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. पूर्ण मऊ पडला पण अजून फ्रीजइतका गार असेल तर लगेच शिजवावा. कोमट झाला असेल तर जीव लावू नये. मटार गार होते, त्यांचा त्याच दुपारी निमोना झाला. खोबऱ्याला वास येत होता. ते फेकताना आत्याचा चेहरा पाहवत नव्हता.

रिले बदलल्याची तारीख तिने कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवली आहे. खाली मुलाच्या आग्रहाने एक ओळ: 'कॉम्प्रेसर गेला तर नवा.' शिवाय फ्रीजरमध्ये तिने एक वाटी ठेवली आहे, तळापासून गोठवलेल्या पाण्याची, वर रुपयाचे नाणे. आपण झोपेत किंवा बाहेर असताना वीज जाऊन फ्रीजर वितळला आणि पुन्हा गोठला, तर नाणे तळाशी गेलेले दिसते.

परवा सकाळी सातलाच तिचा फोन आला. मी दचकून उचलला.

"रात्री चार तास लाइट नव्हती गं," ती म्हणाली. "पण नाणं वरच आहे."